लेख मागवताना आधी पीएमआयडी लिहा

परळच्या वैद्यकीय ग्रंथालयाकडून सायनच्या वैद्यकीय ग्रंथालयाला गेलेली लेखाची मागणी परत येते, ती बहुधा अर्धवट संदर्भामुळे. खंड असतो पण पान चुकलेलं असतं, किंवा लेख पुरवणी अंकातला निघतो.

१. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत ‘सिंगल सायटेशन मॅचर’ नावाचं शोध-पान आहे. त्यात नियतकालिक, खंड आणि पहिलं पान भरा. सापडलं नाही तर पान काढून लेखकाचं आडनाव टाका. चूक बहुतेक वेळा पानातच असते.

२. मिळालेला पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधला लेखाचा क्रमांक, मागणीच्या पहिल्या ओळीत लिहा. तो नुसत्या आकड्यांचा असतो. सुरुवातीला ‘पीएमसी’ अक्षरं असलेला क्रमांक वेगळा. तो दिसला तर लेख बहुधा पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहात फुकट वाचता येतो, मागवूच नका. केईएमचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही खुलंच आहे, तरी त्याच्या मागण्या येतात!

३. एक्स-रे किंवा पेशींची छायाचित्रं असतील तर ‘३०० डीपीआय, ग्रेस्केल किंवा रंगीत’ असं स्पष्ट लिहा. नुसत्या काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये राखाडी छटा उडतात आणि चित्र निरुपयोगी होतं.

आलेली प्रत मागणाऱ्या वाचकापुरतीच. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. ई-नियतकालिकाची प्रत देण्याआधी परवान्यात देवाणघेवाणीला मुभा आहे का, तेही पाहा.