कॉलेजचा खर्च फिटेल का? प्रवेशाआधी मांडायचा हिशेब

नुसती ‘फी किती?’ विचारून कॉलेज परवडतं की नाही ते कळत नाही. सवलत वजा जाता खिशातून किती जाणार, आणि त्याच कॉलेजातून त्याच शाखेची मुलं किती पगारावर लागतात, हे दोन आकडे कागदावर येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

आधी खर्च. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार पाहता येते. कॉलेजात सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं लिहा, कारण मुख्य सवलत शिक्षण शुल्कावर असते. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत खुल्या प्रवर्गातल्या मुलाचं निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. याच उत्पन्नमर्यादेत ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. आणखी एक मोठी अट: प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली.

इथे बहुतेक घरं कागदांत अडकतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका. ते मुदतीत हातात नसेल तर राखीव जागा सुटते आणि पूर्ण फी अंगावर पडते. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या गर्दीआधी काढून ठेवा.

मग राहणं-खाणं. समजा छत्रपती संभाजीनगरात वाटून घेतलेल्या खोलीचे २,५०० आणि मेसचे ३,०००, तर १० महिन्यांचे ५५,००० होतात. चार वर्षांत २ लाख २० हजार. सवलतीनंतरच्या फीपेक्षा हा आकडा अनेकदा मोठा भरतो, तरी घरात चर्चा फीचीच होते. अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर जरूर भरावा.

आता दुसरा आकडा. गेटवरच्या बॅनरवर सगळ्यात मोठं पॅकेज छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तुमच्या शाखेत शेवटच्या वर्षाला मुलं किती होती, रुजू किती झाली आणि पगाराच्या क्रमाने लावलं तर मधल्या मुलाचा हातात येणारा पगार किती, हे विचारा. एकाच मुलीची तीन ऑफर लेटरं तीन प्लेसमेंट म्हणून मोजली आहेत का, तेही पाहा. कॉलेजने दिलेल्या नावांवर थांबू नका. दोन वर्षांपूर्वी पास झालेली चार-पाच मुलं तालुक्यातूनच शोधा आणि पगाराची स्लिप किती रुपयांची, एवढंच विचारा.

कर्ज लागणार असेल तर व्याज आजच मोजा. दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे ५ लाख उचलले, दर १० टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष बिनहप्त्याचं, एवढ्यात साध्या व्याजानेच १ लाख ७५ हजार चढतात. पावणेसात लाख १० वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ८,९०० येतो. पहिला पगार १८ हजार असेल तर निम्मा हप्त्यातच जाईल. आमच्या मते हप्ता पगाराच्या चौथाईवर गेला की ते कॉलेज घेऊ नये, शाखा कितीही आवडती असो.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, त्यामुळे फीसाठी एकरभर रान विकायची घाई करू नका. मात्र बाप सहकर्जदार असतो आणि बँक त्याचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद पाहते. पीककर्ज थकलेलं असेल तर अर्ज तिथेच अडतो. ते आधी भरून नवं-जुनं करून घ्या.

स्वस्त वाटाही तपासा. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाचं दुसरं वर्ष गाठता येतं. वाळूजच्या एमआयडीसीत काम करत मुक्त विद्यापीठाची पदवीही घेता येते.

तालुक्याच्या कॉलेजातल्या बीए-बीएस्सीला फी थोडी, खरा खर्च तीन वर्षांच्या वेळेचा. भरतीसाठीच प्रवेश घेत असाल तर जाहिरातीतली पात्रता वाचा: पोलीस शिपायाला बारावी पुरते, तलाठ्याला आणि राज्यसेवेला पदवी लागते.

प्रवेश घेतल्यावर मन बदललं तर कॅपच्या वेळापत्रकातली रद्द करण्याची शेवटची तारीख पाहा. त्याआधी अर्ज दिला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून फी परत मिळते. नंतर अनामतच तेवढी हाती येते. रद्दचा अर्ज ऑनलाइन भरा आणि पोच छापून ठेवा.