जुनी बेस गिटार घेताना आणि उघडताना : या चुका टाळा

मे-जूनमध्ये कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवून गावी निघालेली मुलं खोलीतलं सामान विकायला काढतात, आणि त्यात गाद्या-कूलरबरोबर बेस गिटारीही असतात. वर्षभर कपाटावर पडलेल्या, तारा गंजलेल्या, जॅक (केबल खुपसायची जागा) हलवला की आवाज येतो नि जातो. अशी बेस स्वस्तात मिळते आणि नीट लावून घेतली तर पुढची दहा वर्षं साथ देते. पैसे बुडतात ते दोनच ठिकाणी. घेताना नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, न बघितल्यामुळे, आणि घरी आणल्यावर भलत्या क्रमानं स्क्रू फिरवल्यामुळे.

रंग, कंपनी आणि लोगो बघून घेणं

स्वस्तातली बेस घेताना तुम्ही खरं तर नेक विकत घेत असता. जॅक, पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), तारा, अगदी पिकअपसुद्धा (तारांचा आवाज पकडणारं चुंबक नि कॉइल) नंतर बदलता येतात. पिळलेला नेक मात्र बदलायचा तर त्या पैशात दुसरी अख्खी बेस येते. बॉडीवरचे टवके, पिवळं पडलेलं पॉलिश, हरवलेला नॉब यांचा आवाजाशी संबंध नाही. त्यांच्यावर घासाघीस करा, पण त्यांच्यामुळे बेस नाकारू नका. फेंडरचा नुसता लोगो चिकटवलेल्या बेसही फिरतात, त्यामुळे लोगोचे वेगळे पैसे देऊ नका.

नेक बघायचा तो तारा सुरात असताना. ढिल्या तारांवर नेक कसाही दिसू शकतो, कारण चारही तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोच्या घरात असतो आणि तो ताण धरूनच नेक बनवलेला असतो. आधी चारही तारा (जाडीपासून बारकीपर्यंत ई, ए, डी, जी) सुरात लावा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग बॉडीचं टोक पोटाशी धरून एक डोळा मिटा आणि ब्रिजकडून (बॉडीवर तारा अडकतात ती जागा) खुंट्यांच्या दिशेनं, फ्रेटबोर्डच्या (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) कडेवरून बघा. आधी एक कड, मग दुसरी. दोन्ही कडा सारख्याच, किंचित खोलगट दिसल्या तर उत्तम. एक कड सरळ आणि दुसरी खाली गेलेली दिसली तर तो पीळ आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली आवळायची सळई, बाक काढतो, पीळ काढत नाही. तिथून नमस्कार करून निघा.

दोन्ही कडा सारख्या वाकलेल्या असतील तर मामला ट्रस रॉडवर येतो. विकणाऱ्याची परवानगी घ्या आणि रॉडचा नट पाव फेरा डावीकडे फिरवून परत जागेवर आणा. ॲलन कीचं भोक गोल झालेलं असेल, नट हलतच नसेल, किंवा उजवीकडे आता जागाच उरली नसेल, तर ती बेस घेऊ नका, कितीही कमी सांगितली तरी.

फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या दांड्या, बोटानं चाचपा. तारेखाली खोल खाचा पडल्या असतील तर नवे फ्रेट बसवण्याचा खर्च स्वस्त बेसला परवडत नाही. पट्टीच्या कडेला फ्रेटची टोकं बोचत असतील तर घाबरू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि धातू आहे तेवढाच राहतो. बारीक कानशीनं तासभरात ती गुळगुळीत होतात. खुंट्यांच्या मागे, जिथे डोकं नेकला जुळतं, तिथे मात्र नखानं तडा शोधा.

हातात काही न घेता बघायला जाणं

खिशात या गोष्टी असू द्या : स्वतःची चांगली केबल, ९ व्होल्टची नवी बॅटरी, हेडफोनवर चालणारा छोटा ॲम्प, मोबाईलमधला ट्यूनर, मल्टिमीटर आणि ४ व ५ मिलिमीटरच्या ॲलन की. काही बेसमध्ये ॲलन कीऐवजी षटकोनी नट असतो, त्याला बॉक्स पाना लागतो. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एखादी बेस दिसलीच तर लावून बघायला प्लग मिळेलच असं नाही. तिथे हेडफोन ॲम्पच कामाला येतो.

बॅटरी कशासाठी? अनेक स्वस्त बेस ॲक्टिव्ह असतात, म्हणजे आत छोटं सर्किट असतं आणि बॅटरी संपली की आवाज फाटतो किंवा मुळीच येत नाही. 'पिकअप गेलेत' म्हणून विकायला काढलेल्या बेसला कधी कधी एवढंच दुखणं असतं. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरी बुरशी आहे का तेही बघा. गळलेल्या बॅटरीनं क्लिप खाल्लेली असेल तर ती बदलावी लागेल, पण ते काम किरकोळ आहे.

मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवा. वीस फ्रेटच्या बेसवर ते ऐंशी सूर होतात, पाच मिनिटांचं काम आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विरत असेल तर तो दोष धरू नका. लांब नेकच्या बेसचा तो स्वभाव आहे, महागड्यांमध्येही सापडतो.

सगळं एकदम फिरवणं

घरी आणल्यावर होणारी सगळ्यात महागडी चूक ही. तार खडखडते म्हणून ट्रस रॉड पिळला, तरी खडखडते म्हणून सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) उचलले, मग सूर लागेना म्हणून सॅडल मागे-पुढे केले. आठवड्यानं बेस वाजत नाही आणि मूळ दोष कुठे होता तेही कळत नाही. क्रम ठरलेला आहे : नवी तार, नेकचा बाक, तारांची उंची, बाराव्या फ्रेटचा सूर, शेवटी पिकअपची उंची. पुढचं पाऊल मागच्यावर उभं असतं, म्हणून उलटं जाता येत नाही.

बाक मोजायला एक फिलर गेज घ्या. दुचाकीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, बॉडीजवळच्या शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेचा तळ आणि फ्रेट यांतली फट मोजा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर रॉड उजवीकडे, कमी असेल किंवा तार फ्रेटला टेकतच असेल तर डावीकडे. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उजवीकडे आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या करा, फिरवून पुन्हा सुरात आणा, मग मोजा. लाकूड सावकाश बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा.

तारांची उंची ट्रस रॉडनं लावायची नसते. ती सॅडलवरच्या बारीक स्क्रूंनी, बहुतेक १.५ मिलिमीटरच्या ॲलन कीनं. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.५ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर इथून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागेल.

यानंतरही खडखड उरली तर ती कुठे आहे ते ऐका. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर नेक फार सरळ झालाय किंवा उलटा वाकलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहेत. एकाच सुराला असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकला तर बरेचदा बसतो. नुसती मोकळी तार खडखडत असेल, दाबलेली नाही, तर नटची (खुंट्यांजवळची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी; स्क्रूचा नट नव्हे) खाच खोल गेली आहे आणि बाकी काहीही फिरवून उपयोग नाही.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरलेला असेल तर नेकच्या दिशेनं पुढे. हे जुन्या तारांवर करू नका. झिजलेली तार कधीच खरी बोलत नाही.

पिकअप जितका वर तितका आवाज मोठा, ही समजूतही सोडा. शेवटचा फ्रेट दाबल्यावर ई तारेखाली साधारण ३ आणि जी तारेखाली २.५ मिलिमीटर अंतर ठेवा. फार जवळ आला की चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवरचे सूर डळमळतात.

तार आधी कापणं

बेसच्या तारांचा संच सहा तारांच्या गिटारपेक्षा कितीतरी महाग असतो, म्हणून ही चूक झोंबते. खुंटीच्या पुढे चार-साडेचार इंच तार राखा, कापायच्या जागेअलीकडे आधी पक्कडीनं काटकोनात वाकवा आणि मगच टोक कापा. न वाकवता कापलं तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सरकू शकतं आणि तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे.

लांबीही बघून घ्या. फेंडरनं १९५१ साली आणलेली प्रिसिजन बेस नट ते ब्रिज ३४ इंचांची होती आणि आजच्या बहुतेक बेस त्याच मापाच्या आहेत. लहान ३० इंची बेसला लांब संच लावला तर तारेचा जाड भागच खुंटीवर गुंडाळला जातो आणि तुटतो. जाडीला (इंचाच्या हजाराव्या भागांत) ४५ ते १०५ किंवा ४५ ते १०० हा नेहमीचा संच.

सैल स्क्रूच्या जागी लांब स्क्रू

नेक किंवा ब्रिजच्या स्क्रूचे आटे गेले की हात आपोआप मोठ्या स्क्रूकडे जातो. नेकला लांब स्क्रू लावला तर तो थेट फ्रेटबोर्डमधून वर येतो. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या टूथपिक ठासून भरा, चोवीस तास वाळू द्या, वर आलेल्या काड्या कापा आणि जुनाच स्क्रू हातानं आवळा. ड्रिल मशीन नको.

रोजवुडच्या पट्टीला खोबरेल तेल चोळू नका. ते खवट होतं आणि धूळ धरतं. लेमन ऑइलचे चार थेंब, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून, वर्षातून एक-दोनदा पुरे. मेपलच्या पॉलिश केलेल्या पट्टीला तेही नको.

आवाज गेला की पिकअप बदलणं

आधी जॅक बघा. जॅकचा नट सैल होतो, प्रत्येक वेळी केबल खुपसताना जॅक भोकात गोल फिरतो, आणि आतल्या दोन वायरींना पीळ बसत बसत एक दिवस डाग (सोल्डर) सुटतो. कव्हर काढून पाहिलंत तर सुटलेली वायर कथलाच्या ठिपक्यापासून केसभर अंतरावर उभी दिसेल, म्हणूनच केबल हलवली की आवाज येतो. पुन्हा डाग द्या, आणि नट आवळताना जॅक आतून धरून ठेवा.

ॲक्टिव्ह बेसचा जॅक बदलताना साधा मोनो जॅक घालू नका. तिथला स्टिरिओ जॅक स्विचचंही काम करतो; केबल घातली की बॅटरीची उणे बाजू जोडली जाते. त्यामुळेच वाजवून झाल्यावर केबल तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

पिकअप खरंच गेलाय का ते न उघडता कळतं, पण पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसवरच. सगळे नॉब पूर्ण उघडा, केबल लावा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटरनं ओहम मोजा. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपला साधारण १० ते ११ किलोओहम, जॅझ पद्धतीच्या (दोन पिकअपच्या) बेसवर एकेकाला ७ ते ८, दोन्ही एकत्र असतील तर त्याच्या निम्मे. शंभर किलोओहमच्या वर आकडा आला तर मीटर नुसता पॉट मोजतोय आणि पिकअपची वाट तुटली आहे. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट.

जॅझ बेसचा एक नॉब कमी केला की घूं घूं सुरू होते, दोन्ही पूर्ण उघडले की थांबते. हा दोष नाही. दोन कॉइल एकमेकींची गुणगुण मारतात. मात्र तारांना हात लावल्यावर गुणगुणीत काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटली आहे. ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांमध्ये मीटरनं शून्याजवळ ओहम दाखवायला हवेत.

खरखरणाऱ्या पॉटमध्ये आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. बदलायचाच झाला तर तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुना पॉट सोबत घेऊन जा. पॅसिव्ह बेसला २५० के (किलोओहम) लागतो. ॲक्टिव्हला बहुतेकदा २५ के, आणि ही अदलाबदल झाली की आवाज कोंडतो किंवा नॉब बटणासारखा वागतो. दांडी गुळगुळीत की दातेरी, आणि भोक किती मिलिमीटरचं, तेही मोजून न्या, कारण स्वस्त बेसच्या छोट्या भोकात अमेरिकन मापाचा मोठा पॉट शिरत नाही. टोनच्या कपॅसिटरवर ४७३ लिहिलेलं असावं, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. पॉटच्या पाठीवर डाग द्यायचा तर ती पॉलिश पेपरनं खरवडून घ्या आणि ४० ते ६० वॉटची सोल्डरिंगची कावी वापरा. २५ वॉटच्या कावीनं तिथे मिनिटभर चटके देत बसलात तर पॉट आतून जळतो आणि डाग तरीही धरत नाही.

अर्थिंग तोडणं

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर काही जण ब्रिजची वायर काढून टाकतात किंवा ॲम्पच्या प्लगची जाड पिन मोडतात. दोष बेसमध्ये नाही, भिंतीत आहे. बेसच्या तारा केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये गळती असेल तर ती तुमच्या बोटांपर्यंत येते. ओठ माइकला लागले की वाट पूर्ण होते, आणि असा झटका जीवावर बेतू शकतो. पेठांमधल्या जुन्या वायरिंगच्या खोल्यांत आणि गणपतीच्या मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीवर ॲम्प लावण्याआधी थ्री-पिन सॉकेट टेस्टर खुपसून अर्थिंगचा दिवा बघा. अर्थिंग नाही असं दाखवलं तर त्या सॉकेटवर वाजवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.