लुना मॉथ दिसत नाही? या चुका टाळा

न्यू जर्सीत मे उजाडला की कुणाचा तरी फोन येतोच: "लुना कुठं दिसेल? शनिवारी पोरांना घेऊन जातो, तासाभरात होईल ना?" नाही होणार. लुना मॉथ हा मोठा, रात्री उडणारा पतंग, सह्याद्रीतल्या मून मॉथ पतंगाचा भाऊबंद, पण तो आपल्या सवडीनं येत नाही.

पहिली चूक वेळेची. मादी नराला बोलावणारा गंध सोडते तीच मध्यरात्र उलटल्यावर. आणि इथली बहुतेक स्टेट पार्क अंधार पडला की बंद. थांबायचं तर कॅम्पसाइट बुक करावी लागते. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही तीन कुटुंबं स्टोक्स स्टेट फॉरेस्टला गेलो. साडेदहापर्यंत टॉर्च मारून झाडं पाहिली, मुलं पेंगुळली, दोन कुटुंबं तंबू आवरून घरी निघाली. पहाटे स्वच्छतागृहाकडे गेलो तर दिव्याखालच्या भिंतीवर तळहाताएवढी, फिकट पोपटी मादी, लांब शेपट्या खाली सोडून निवांत बसलेली. खाली जमिनीवर दुसऱ्या एका लुनाचे नुसते पंख. अंग पक्ष्यानं खाल्लेलं. त्या मुलांना ती दाखवता आली नाही याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून मी रात्री खुशाल झोपतो, साडेचारचा गजर लावतो आणि पक्षी जागे व्हायच्या आत कॅम्पग्राउंडचा एकेक दिवा, भिंत, खालचं गवत बघून येतो.

पिकलं केळं आणि गूळ कालवून खोडाला फासू नका. इतर पतंग येतीलही, पण प्रौढ लुनाला खाता येईल असं तोंडच नसतं. जेमतेम आठवड्याचं आयुष्य तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर काढतो.

तळ्याकाठची हिरवळ सोडा. अक्रोड, हिकरी, दक्षिण जर्सीत स्वीटगम असलेलं रान धरा. अळ्या त्याच पानांवर वाढतात. ही झाडं ओळखायला दोन रविवार द्या. लुना कुठं दिसला याचा ॲपवरचा ठिपका बघून गाडी पळवणारे नेमके इथेच फसतात.

पंखांना हात नको, खवले झडतात. पतंग बोलावायला स्वतःचा दिवा आणि पांढरा पडदा लावायचा तर आधी पार्कच्या ऑफिसात परवानगी विचारा.

आणि कृपा करून पाला झाडून टाकू नका. लुनाचा कोष पानात गुंडाळलेला असतो, पानासकट खाली पडतो आणि पाचोळ्यातच हिवाळा काढतो. एका लीफ ब्लोअरनं पुढच्या उन्हाळ्याचे लुना कचऱ्यात जातात. माझ्या अंगणातल्या अक्रोडाखालचा पाला मी जून संपेपर्यंत हलवत नाही.