कमी खर्चात, कमी आवाजाचा डेस्कटॉप: सुटे भाग कसे निवडावेत

डेस्कटॉपचा आवाज म्हणजे बहुतांशी पंख्यांचा आवाज, आणि पंखे जोरात फिरतात ते आत उष्णता साचते म्हणून. त्यामुळे निवडीची सुरुवात पंख्यांपासून नव्हे, प्रोसेसरपासून करायची. आवाज शोषणारा फोम लावलेले महाग कॅबिनेट घेतले आणि आत तापट प्रोसेसर बसवला, तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

१. प्रोसेसर

कार्यालयीन काम, इंटरनेट, व्हिडिओ, फोटोंवरचे काम आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग एवढेच करायचे असेल, तर ६ कोअरचा, ६५ वॉट गटातला आणि अंगभूत ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) असलेला प्रोसेसर पुरतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड टळले की खर्चही वाचतो आणि दोन-तीन पंखेही कमी होतात. मॉडेल क्रमांकाची शेवटची अक्षरे मात्र नीट वाचा. इंटेलच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ते असते, साध्या ५६०० मध्ये नसते. हे न पाहता घेतलेली मशीन चालू होते, पण पडद्यावर काहीच दिसत नाही.

६५ वॉट हा आकडाही अर्धाच खरा. कोअर आय५-१२४०० हा ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण टर्बोमध्ये, म्हणजे भार पडल्यावर वेग आपोआप वाढतो तेव्हा, त्याची वीज खाण्याची कमाल मर्यादा ११७ वॉट आहे. ६५ वॉटच्या रायझनची प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॉट असते. कूलर निवडताना हे मोठे आकडे धरा. बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून, ही मर्यादा खाली आणता येते, आणि रोजच्या कामात फरक जवळजवळ जाणवत नाही.

२. कूलर: इथे हात आखडू नका

प्रोसेसरच्या खोक्यात येणारा कूलर काम भागवतो, पण त्याचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) लहान असल्याने पंख्याला धावावे लागते. एकूण खर्चाच्या मानाने थोडक्या पैशांत सर्वांत जास्त शांतता मिळते ती इथे. चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे उभा कूलर, घ्या. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणे हे लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा केव्हाही चांगले. १२० मिमीचा चांगला पंखा मिनिटाला ७००–८०० फेऱ्यांवर फिरत असेल, तर तो टेबलाखाली ठेवलेल्या मशीनमधून सहसा ऐकूच येत नाही.

लिक्विड कूलरच्या मोहात पडू नका. या गटातल्या प्रोसेसरला त्याची गरज नाही, शिवाय पंप हा आवाजाचा आणखी एक उगम होतो, तोही सतत चालणारा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा: कूलरची उंची (टॉवर कूलर बहुधा १५५–१६० मिमी उंच असतात) कॅबिनेटच्या मर्यादेत आहे का, तुमच्या सॉकेटचा (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा) ब्रॅकेट सोबत येतो का, आणि रॅमवर उंच पत्रे असतील तर ते पंख्याला आडवे येतात का.

३. कॅबिनेट आणि त्याचे पंखे

समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्या. समोर काच किंवा बंद पॅनेल असेल, तर हवा ओढायला पंख्यांना जोर लावावा लागतो आणि फोमने दाबलेला आवाज तिथे परत येतो. हवा आत घ्यायला पुढे दोन आणि बाहेर टाकायला मागे एक, असे १२० मिमीचे तीन पंखे पुरेत. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही, मात्र पुढे फिल्टर हवा.

पंखे चार पिनचे, म्हणजे पीडब्ल्यूएम (मदरबोर्ड चौथ्या पिनवरून वेग ठरवतो असे), निवडा. तीन पिनच्या पंख्यांचा वेगही व्होल्टेज कमी-जास्त करून बदलता येतो, पण फार खाली आणला की ते थांबतात. रंगीत दिव्यांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा चांगल्या बेअरिंगसाठी मोजा.

४. पॉवर सप्लाय

अंगभूत ग्राफिक्सची अशी मशीन पूर्ण भारावर साधारण १५० वॉटच्या आतबाहेर राहते. ४५०–५५० वॉटचा, नामांकित कंपनीचा, १२० मिमी पंख्याचा पॉवर सप्लाय भरपूर झाला. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यावर काम करताना तो कमी तापतो आणि त्याचा पंखा मंद राहतो. ‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमता सांगतो, आवाज किंवा सुरक्षितता नव्हे. निनावी, वजनाला हलका सप्लाय कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो बिघडताना बाकीचे भागही घेऊन जाऊ शकतो.

५. बाकीचे

रॅम एकाच पट्टीत १६ जीबी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर चालते, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा, फरक खेळांत स्पष्ट दिसतो. साठवणीला एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली, मदरबोर्डवरच बसणारी चिप-साठवण), म्हणजे आवाज शून्य. मोठी हार्ड डिस्क लागणारच असेल, तर ५४०० फेऱ्यांची, आणि स्क्रूखाली रबरी वॉशर. मदरबोर्ड साधा चालेल. पंख्यांसाठी तीन जोडण्या हव्यात आणि बायोसमधून प्रत्येकीचा वेग वेगळा ठरवता आला पाहिजे. जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवणार असाल, तर कोणत्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो ते कंपनीच्या यादीत आधी बघून घ्या.

६. जोडणी आणि पंख्यांचा वेग

कूलरच्या तळाचा प्लॅस्टिक पापुद्रा काढा. ही चूक वाटते त्यापेक्षा फार होते आणि मग प्रोसेसर काही मिनिटांत ९० अंशांपुढे जातो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, कूलरचे स्क्रू समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते.

आता बायोसमध्ये पंख्यांचा आलेख मांडा: ६० अंशांपर्यंत ३०–३५ टक्के वेग, ८० अंशांना ७० टक्के, त्यापुढे पूर्ण. एखादा प्रोग्रॅम उघडताना प्रोसेसरचे तापमान क्षणभर १०–१५ अंशांनी उसळते आणि पंखाही लगेच गुरगुरतो. हा चढउतार एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. त्यावर उपाय म्हणजे बायोसमधला ‘स्टेप अप’ विलंब. तो काही सेकंदांचा ठेवला की पंखा अशा क्षणिक उसळीकडे लक्ष देत नाही.

एवढ्यावरही आवाज येत असेल, तर कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर हात दाबा. थांबला, तर पत्रा कंप पावतोय: स्क्रू आवळा किंवा कडेला फोमची पट्टी लावा. टिकटिक असेल, तर एखादी वायर पात्याला लागते आहे. बारीक शिट्टीसारखा आणि भार वाढला की वाढणारा आवाज कॉइलचा असतो. तो बहुधा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्डमधून येतो आणि कोणत्याही सेटिंगने पुरता जात नाही. परत करण्याची मुदत संपण्याआधी तो भाग बदलून घ्या.