स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार पारखून घेताना

मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात शिरलात की रंग नंतर, आधी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघा. जाड सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली 0.2 ते 0.3 मिमी फट हवी. थोडी जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, आवळून भागतं. पिळलेली नेक मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर घासून घेण्याचा खर्च धरा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, झणझण कुठे येते ते कळेल. ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहा. दाबलेला चढा लागला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे, नेकपासून दूर सरकवायचं, एवढंच.

या किमतीत तरंगता (स्प्रिंगांवर हलणारा) ब्रिज नकोच, सूर टिकत नाही. स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, कॉर्ट यांची साधी मॉडेल्स आधी वाजवून बघा. अँप्लिफायर आणि सेटअपचे (गिटार नीट जुळवून घेण्याचे) पैसे बाजूला ठेवूनच बजेट ठरवा. आणि आपल्या पावसाळ्यात तारा पटकन गंजतात, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा.