नावेत पायाला जागा ठेवा

आमची नाव पत्र्याची, १६ फुटांची. पंचगंगेत आम्ही तिघं जातो, मी, धाकटा भाऊ आणि भाचा. नवीन नाव घेणारी पोरं विचारायला येतात, जाळं कुठलं घेऊ, वल्ही कुठनं आणू. मी उलटं विचारतो, पहाटेच्या अंधारात नावेत उठून उभा राहिलास तर पाय कशावर पडंल? सांगता येत नसंल तर अजून नाव पाण्यात घालू नकोस.

सगळ्यात आधी जाळं. वाहत्या पाण्यात जाळं सोडताना त्याच्या खालच्या कडेचं शिसं सरसर खाली जातं. त्या वेळी दोरीचा फेर घोट्याभोवती असला की माणूसही जाळ्यामागं गेला. म्हणून जाळं पसरून टाकायचं नाही. काठावरच केंदाळ काढून, बोये, म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे गोळे, एका बाजूला आणि शिसं दुसऱ्या बाजूला ठेवत घड्या घालायच्या आणि भाजीच्या क्रेटमध्ये भरायचं. सोडणारा क्रेटच्या मागं उभा राहतो, दोरीच्या मध्ये कधीच नाही. चाकू वल्हेवाल्याच्या उजव्या हाताला, म्यानात, दोरीनं बांधलेला. पाय अडकला तर जाळं कापायचं, जाळ्याची किंमत नंतर आठवायची. आमच्या भाच्यानं एकदा त्याच चाकूनं कांदा चिरला आणि पिशवीत टाकून दिला. आठवडाभर बोलणी खाल्ली त्यानं.

तळाला पाणी साठू देऊ नका. चार बादल्या पाणी दिसायला काही नाही, पण नाव जरा कलली की ते सगळं त्याच अंगाला धावतं आणि आणखी कलवतं. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून, दोरीनं बाकाला बांधून ठेवा. उपसायला याच्याइतकं सोपं काही नाही. मासळी मधोमध, तळाला ठेवायची. रोहू-कटल्याचा चिकटा वाळायच्या आत काथ्यानं घासायचा, नाहीतर फळी तेल सांडल्यासारखी होते. शिंगाळा, हा काटेवाला मासा, वेगळ्या डब्यात, झाकण लावून. त्याचा काटा घुसला तर सोसंल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो. काटा आत मोडला किंवा हात सुजला तर सरळ दवाखाना.

लाइफ जॅकेट अंगात, बक्कल लावून. उशाला नाही. गमबूट मात्र आम्ही घालत नाही. पाण्यात पडलं की ते भरतात आणि लवकर निघत नाहीत.

पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, टाकायला एकच जण उभा राहणार, बाकीचे बसून दुसऱ्या अंगाला रेलणार. नांगराचा दगड टाकला की दोर पुढच्या टोकालाच बांधायचा. धारेत नाव आडवी बांधली तर पाणी कडेवरून आत येतं.

बंधाऱ्यापाशी तर शहाणपणा दाखवूच नका. आपल्याकडं कोल्हापुरी बंधारे जागोजाग. पाणी वरून पडायला लागलं की खालच्या बाजूला ते गोल फिरतं आणि पडलेली वस्तू परत भिंतीकडंच ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथनं सुटत नाही. वरच्या बाजूनंही लांबच थांबायचं, ओढ कळते तोवर उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आम्ही नाव वर ओढतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा आणि ४३ फुटांवर आलं की धोका, पण तेवढी वाट आम्ही बघत नाही. ओढायला माणसं मिळाली नाहीत तर उंचावरच्या झाडाला बांधायची आणि दोर भरपूर सैल सोडायचा. एका साली मी घाईत पायरीजवळच्या कडीला आखूड दोरानं बांधून घरी गेलो. रात्रीत पाणी चढलं, दोर मात्र तेवढाच. सकाळी येऊन बघतो तर नावेचं तोंड पाण्याखाली आणि मागचा भाग वर. दोन वल्ही गेली ती गेलीच.