नवरा-बायको मिळून स्टुडंट व्हिसाला अर्ज करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक कागदपत्रं जमवायच्या कितीतरी आधी होते. कोर्स ठरतो, ऑफर लेटर येतं, फीचा पहिला हप्ताही भरून होतो, आणि मग कोणीतरी विचारतं की आता बायकोला (किंवा नवऱ्याला, हल्ली बायको शिकायला आणि नवरा सोबत असंही पुष्कळ आहे) कसं न्यायचं. जोडीदाराला येता येईल का आणि आल्यावर काम करता येईल का, हे बऱ्याच देशांत तुम्ही कुठला कोर्स घेतलाय यावर ठरतं, त्यामुळे हा प्रश्न कॉलेज शोधायला बसाल त्याच दिवशी विचारा.

कॅनडाचंच घ्या. आधी विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही एका कंपनीशी न बांधलेला कामाचा परवाना) बऱ्यापैकी सहज मिळायचं, मग २०२४ च्या मार्चमध्ये ते आवळलं आणि २१ जानेवारी २०२५ पासून अजून आवळलं. आता मास्टर्स असेल तर तो किमान १६ महिन्यांचा हवा, किंवा पीएचडी हवी, किंवा मग नर्सिंग, इंजिनिअरिंग, बीएड, फार्मसी अशा ठरावीक प्रोफेशनल डिग्र्या. आपल्याकडची कितीतरी मुलं कमी फीमुळे कॉलेजचा पीजी डिप्लोमा घेतात, त्यावर जोडीदाराला हे वर्क परमिट मिळत नाही. वर्षभराचा मास्टर्स घेतला तरी तेच. यूकेमध्ये १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या साध्या मास्टर्सवर डिपेंडंट (म्हणजे जोडीदार, मुलं) नेताच येत नाही, पीएचडी किंवा रिसर्चवाली डिग्री लागते. अमेरिकेत जोडीदार एफ-२ या विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर येऊ शकतो पण त्याला नोकरी करता येत नाही, म्हणजे दोघांचा खर्च एकाच्या जिवावर. जुने व्हिडिओ बघून किंवा चार वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाला विचारून ठरवू नका, त्याच्या वेळचे नियम वेगळे होते, सरकारी साइटवर आजची तारीख बघून वाचा.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जोडीदार आत्ता सोबत येत नसेल तरी अर्जात त्याचं नाव द्यावंच लागतं. नाव टाकलं नाही आणि लग्न व्हिसा मंजूर व्हायच्या आधीचं असेल तर नंतर त्याच स्टुडंट व्हिसावर त्याला कुटुंब म्हणून बोलवायचा रस्ता बंद होतो. साखरपुडा झालाय, अर्ज टाकलाय, आणि मधल्या काळात घरचे म्हणाले म्हणून कोर्ट मॅरेज उरकलं, असं झालं असेल तर निकाल यायच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्याला कळवा, गप्प बसू नका.

आता नावांचा घोळ, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या मराठी घरांत हा हमखास असतो. मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचं नाव. लग्नानंतर आधार बदललं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, बँकेत अजून जुनंच, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. पलीकडे बसलेल्या व्हिसा ऑफिसरला ही पद्धत माहीत असेलच असं नाही, त्याला समोर दोन-तीन वेगळ्या बायका दिसतात. एक म्हणजे घाईघाईने अर्धी कागदपत्रं बदलू नका, लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलायची सक्ती नाहीये. सगळे अर्ज, ऑफर लेटर, बँक, मेडिकल हे पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच भरा. दुसरं, उरलेल्या फरकासाठी ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लावा, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत लावा.

लग्नाचा पुरावा म्हणून मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका किंवा देवस्थानाचं पत्र देऊन भागत नाही, ती जोडीला ठीक आहेत. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि हातात पडल्या पडल्या तिथेच उभं राहून स्पेलिंग आणि तारखा तपासा, कारण नंतर दुरुस्तीला वेळ जातो. दाखला फक्त मराठीत असेल तर सर्टिफाइड भाषांतर लागेल.

लग्न नुकतंच झालं असेल तर ऑफिसर जास्त बारकाईने बघतो. तेव्हा फक्त स्टेजवरचे दोघांचे फोटो देऊन थांबू नका, दोन्हीकडच्या घरच्यांसोबतचे फोटो, भाडेकरार, एकत्र प्रवासाची तिकिटं, जॉइंट खातं असेल तर त्याचं स्टेटमेंट, आणि ओळख कशी झाली, बघण्याचा कार्यक्रम कधी, लग्न कधी, हे तारखांसकट एका पानावर लिहून द्या. अरेंज्ड मॅरेज असेल तर तसं साधं सरळ लिहा, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही.

पैशांत होणारी चूक म्हणजे एकट्याचा हिशोब दाखवणं. कॅनडाला सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला राहण्याच्या खर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात आणि दोघांचे २८,५०२, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास वेगळा. यूकेला पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत, मध्ये एक दिवस जरी कमी झाले तरी अर्ज अडकतो. सीएकडून शेतीचं आणि फ्लॅटचं व्हॅल्युएशन करून आणतात लोक, ते परिस्थिती दाखवायला चालेल पण हातातला पैसा म्हणून धरत नाहीत. काकांनी किंवा सासऱ्यांनी शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम टाकली असेल तर ती कुठून आली याचा कागद लावा, एफडी मोडली तर तिची पावती, जमीन विकली तर खरेदीखत. ऑस्ट्रेलियाचा हेल्थ इन्शुरन्सही दोघांचा घ्या, सिंगल पॉलिसी जोडीदाराला चालत नाही.

आणि जोडीदाराची फाइल ही खरी फाइल आहे. विद्यार्थ्याचं एसओपी (हा कोर्स का करायचाय हे सांगणारं पत्र) चार वेळा लिहून होतं आणि जोडीदाराचं एक ओळीचं पत्र, की मला नवऱ्यासोबत राहायचंय. त्याने आत्ताच्या नोकरीचं काय ठरवलंय, रजा घेतलीय की सोडणार, तिकडे काय करणार, मधली दोन वर्षं घरी का होता, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. दोन्ही पत्रांतल्या तारखा, पगार, पत्ते जुळतात का हे एकत्र बसून वाचा.

जोडीदाराला पूर्वी कधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला असेल तर तो सांगा, दहा वर्षांपूर्वीचा असला तरी. एजंट म्हणाला की त्यांना कळत नाही, तर त्याचं ऐकू नका. खोटी माहिती म्हणून पकडलं तर कॅनडात ५ वर्षांची बंदी येते, यूकेमध्ये १० वर्षांपर्यंत, आणि नुसत्या नकारापेक्षा हे कितीतरी वाईट. लॉगिन आणि पासवर्डही स्वतःकडे ठेवा, फॉर्म सबमिट होण्याआधी दोघांनी पूर्ण वाचा.

एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाकारला तर? घाबरून तीच फाइल दुसऱ्या दिवशी परत टाकू नका, तोच निकाल येतो. नकाराचं पत्र ओळीओळीने वाचा. कॅनडाकडून हल्ली बऱ्याच अर्जांना पत्रासोबत ऑफिसरची नोटही येते, त्यात नेमकं काय पटलं नाही ते असतं, त्याच मुद्द्याला नवीन कागद लावून उत्तर द्या. ज्याला मिळालाय त्याने कोर्स सुरू करावा, तिथलं एनरोलमेंट लेटर, घराचा करार, फीची पावती पाठवावी, आणि जोडीदाराने मग नव्याने अर्ज करावा, बऱ्याचदा ही फाइल पहिल्यापेक्षा मजबूत असते. तोवर जोडीदाराने नोकरीचा राजीनामा देऊ नये, भाड्याचं घर सोडू नये आणि परत न मिळणारं तिकीट काढू नये.